दिवसा ९७, रात्री ७४

पत्राचा सारांश: इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या ५८ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र. बीपीच्या तीन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा दीडशेच्या खाली टिकत नाही. रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं, शुगर मात्र नॉर्मल आहे. सकाळी डोकं जड असतं. डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, करायला लावली. अहवालात एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) २२, म्हणजे ‘मध्यम’ स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा आजार. रक्तातला सर्वांत कमी ऑक्सिजन ७४ टक्के आणि झोपेतला १९ टक्के वेळ ऑक्सिजन ९० च्या खाली. सल्ला सीपॅपचा, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा. ताईंचं मन होत नाही. ‘भाचीच्या नवऱ्याचा एएचआय ४१ आहे, तो खडखडीत आहे. माझं तर मध्यमच. दिवसा ऑक्सिमीटरवर ९७ येतात. करोनात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर पडलाय, यजमान म्हणतात रात्री तोच लावू. मुलानं बंगळुरूहून लेख पाठवलाय, की सीपॅपनं हार्ट अटॅक टळत नाही. डिसेंबरात त्याचं लग्न आहे. नवी सून घरात येणार आणि सासू तोंडाला नळी लावून झोपणार? माझे वडील ६३ व्या वर्षी झोपेतच गेले, तेही खूप घोरायचे. पुण्यवान होते, कुणाला त्रास दिला नाही. मशीन घेऊ की नको, एवढंच सांगा.’

ताई,

एवढंच सांगायचं तर: लावा, पण लगेच विकत घेऊ नका, आधी महिनाभर भाड्यानं आणा. पण ‘एवढंच’ म्हणता म्हणता तुम्ही पत्रात पाच-सहा गोष्टी गृहीत धरून टाकल्या आहेत. त्या तशाच राहिल्या तर मशीन आठवड्यात कपाटात जाईल. मी अशी कपाटातली मशीन पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑक्सिमीटरपासून सुरुवात करू. २०२१ च्या त्या उन्हाळ्यानंतर आपल्या घराघरांत हे यंत्र आलं आणि ‘पंच्याण्णवच्या वर म्हणजे सगळं ठीक’ हे आपण पाठ करून टाकलं. करोनात ते बरोबर होतं, कारण तिथे दुखणं फुफ्फुसात होतं आणि ते दिवसरात्र सारखंच होतं. तुमची फुफ्फुसं चांगली आहेत. अडचण आहे ती घशात, आणि तीही फक्त झोपेत. झोप लागली की जिभेचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते (ते घोरणं) आणि मधूनमधून ती पूर्ण मिटते. छाती-पोट श्वास ओढत राहतात, हवा आत जात नाही. ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, वाट उघडते, आकडा पुन्हा वर. तुम्हाला यातलं काही आठवत नाही. सकाळी चहाच्या आधी बोट घालून पाहाल तेव्हा ९७ च दिसणार. रात्रीबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर ही यंत्रं कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, हेही २०२० नंतर चांगलंच लक्षात आलेलं आहे. तेव्हा ते ९७ बाजूला ठेवा.

आता ‘मध्यम’. एएचआय म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी किती वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला, याची मोजणी. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. सोयीची विभागणी आहे, आम्ही डॉक्टरही तिच्यावर फार विसंबतो. पण ती फक्त मोजते. दहा सेकंद थांबून ऑक्सिजन ९२ वर आला तर एक, आणि पन्नास सेकंद थांबून ७४ वर आला तरी एकच. भाचीच्या नवऱ्याच्या ४१ थांब्यांमध्ये ऑक्सिजन किती खाली जात होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा तुम्हाला ठाऊकही नसेल. त्याच्याशी तुलना करायचीच असेल तर दोघांचे अहवाल शेजारी ठेवून करा, एका आकड्यावर नको. (आणि ‘खडखडीत’ माणसं सकाळी सातला पोहे-जलेबीच्या रांगेत उभी दिसतात म्हणून त्यांच्या रक्तवाहिन्याही खडखडीत असतात असं नाही.)

तुम्ही पाठवलेल्या अहवालाच्या फोटोत दुसरं पान आहे. तिथे तुमची नजर गेली नसावी. रेम झोपेतला, म्हणजे स्वप्नं पडतात त्या झोपेतला, तुमचा एएचआय ५१ आहे. त्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू अगदी ढिले पडतात, म्हणून थांबे लांबतात आणि ऑक्सिजन जास्त खोल जातो. स्त्रियांमध्ये हे पुरुषांपेक्षा अधिक वेळा दिसतं: बाकीच्या झोपेत थोडं बरं, रेममध्ये वाईट, आणि सरासरी काढली की ‘मध्यम’. रेम झोप मुख्यतः उत्तररात्री येते, तीन-चारपासून उजाडेपर्यंत. तुम्ही सकाळचं डोकं जड असल्याचं लिहिलंय, त्याचा धागा इथे लागतो.

दुसरा आकडा १९ टक्के. तुम्ही त्या रात्री साडेपाच तास झोपलात. म्हणजे तासाभराहून थोडा अधिक वेळ ऑक्सिजन ९० च्या खाली होता. ७४ हा एखाद्या क्षणाचा आकडा आहे, बोटाचा चिमटा सरकला तरी तो येऊ शकतो, त्यामुळे त्यानं मी तेवढी दचकत नाही. तासभर ९० च्या खाली हे मात्र चिमट्याचं काम नव्हे.

हृदयाचा यात काय संबंध, ते सांगते. प्रत्येक घसरणीला गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी असलेली ऑक्सिजनची पाहणी करणारी यंत्रणा इशारा देते आणि शरीर संकटातल्यासारखं वागू लागतं: नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. झोपेत बीपी खरं तर उतरायला हवं, निरोगी माणसात दहा-वीस टक्क्यांनी उतरतं. तुमचं रात्रभर चढउतार करत राहतं आणि ही सवय दिवसाही सुटत नाही. ऑक्सिजनच्या या सततच्या खालीवर होण्यानं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, ते नीट सैलावत नाही. त्यात बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जोराचा उलटा दाब तयार होतो आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. ताणलेले कप्पे एक संप्रेरक सोडतात, ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला सांगतं. तुमच्या रात्रीच्या तीन फेऱ्यांचं कारण बहुधा इथेच आहे. अशा रुग्णांची शुगर तपासली जाते, पुरुष असेल तर प्रोस्टेट तपासलं जातं, घशाकडे शेवटी लक्ष जातं. हेच वरचे कप्पे वर्षानुवर्षं ताणले गेले की ठोके अनियमित पडण्याचा आजार, एट्रियल फिब्रिलेशन, जडू शकतो आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. पहाटे छातीत धडधड होऊन जाग येते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते २४ तासांचा ईसीजी करून घेतील.

तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी हा तर जवळजवळ अ‍ॅप्नियाचा इशाराच आहे. ब्राझीलमध्ये २०११ साली अशा रुग्णांची पाहणी झाली तेव्हा ६४ टक्क्यांना स्लीप अ‍ॅप्निया निघाला. तुमच्या डॉक्टरांनी चौथी गोळी लिहून न देता स्लीप स्टडी करायला लावली, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट वाटली.

ऑक्सिजनच्या घसरणीची खोली आणि वेळ यांचा एकत्रित हिशोब मांडून २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या दोन गटांतली साडेसात हजारांहून अधिक माणसं त्यात होती. नुसत्या एएचआयवरून हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूचा अंदाज बांधता आला नाही. ऑक्सिजनच्या एकूण घसरणीवरून आला: सर्वांत जास्त घसरण असलेल्यांचा धोका सर्वांत कमी असलेल्यांच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून अधिक होता. म्हणून तुमच्या अहवालात मी २२ कडे कमी आणि १९ टक्क्यांकडे जास्त पाहते.

आणि आता वडील. ताई, ते पुण्यवान होते याबद्दल मी कशाला वाद घालू? त्यांना नेमकं काय झालं होतं तेही आज कुणी सांगू शकणार नाही. पण ‘झोपेत गेले’ हे वाक्य आपल्याकडे इतकं समाधानानं म्हटलं जातं की त्यापुढे कुणी विचारतच नाही. ६३ हे काही जायचं वय नव्हे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये अचानक हृदय थांबून गेलेल्या ११२ जणांचे अहवाल तपासले गेले, त्यांची स्लीप स्टडी आधी झालेली होती. ज्यांना अ‍ॅप्निया होता त्यांच्यातले ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले. ज्यांना नव्हता त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के. एरवी अशा मृत्यूंचं प्रमाण सकाळी उठल्यानंतरच्या तासांत जास्त असतं. हा अभ्यास २००५ चा आहे. तुमच्या घराण्यात घोरणं आहे, बीपी आहे आणि कमी वयातला झोपेतला मृत्यू आहे. हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना आणि तुमच्या भावंडांनाही कळायला हवं. हे मी त्यासाठीच लिहितेय, वडिलांच्या आठवणीवर बोट ठेवायला नाही.

घाबरून मात्र जाऊ नका. त्याच संशोधकांनी पुढे स्लीप स्टडी झालेल्या १०,७०१ जणांवर सरासरी पाच वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. रात्रीचा सर्वांत कमी ऑक्सिजन ७८ च्या खाली जाणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त होता, आणि तुम्ही त्यात बसता. पण एवढ्या माणसांत अशा घटना घडल्या १४२. म्हणजे हे आज रात्रीचं संकट नाही. डिसेंबरच्या लग्नापर्यंत तर नाहीच नाही. ही काही वर्षांत हळूहळू साचत जाणारी झीज आहे आणि आत्ता हात घातला तर तिच्याबद्दल काही करता येतं.

काय करता येतं, यावर मुलानं पाठवलेला लेख येतो. चिरंजीवांनी जे पाठवलंय ते खोटं नाही. लेख २०१६ च्या एका मोठ्या चाचणीवर आहे. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले २,७१७ रुग्ण, वय ४५ ते ७५. अर्ध्यांना सीपॅप दिलं, अर्ध्यांना नाही. सरासरी पावणेचार वर्षांनी पाहिलं तर हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत ठळक फरक नव्हता. कंपन्यांची जाहिरात वाचून जे मशीन घेतात त्यांनी हा निकाल जरूर वाचावा. पण तोच लेख पुढे वाचायला हवा होता. त्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तास लावलं. म्हणजे दहाला झोपून दीडला मास्क काढला. तुमच्यासारखीचं सगळं वाईट घडतं ते तीननंतर. शिवाय ज्यांचा ऑक्सिजन फारच खाली जात होता किंवा ज्यांना दिवसा अनावर झोप येत होती त्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं, कारण त्यांना वर्षानुवर्षं उपचाराविना ठेवणं योग्य झालं नसतं.

पुढे २०२३ मध्ये अशा तीन चाचण्यांतल्या चार हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा रोज चार तास किंवा त्याहून जास्त मशीन लावणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या घटना सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसल्या. यातही एक मेख आहे: जो माणूस रोज मास्क लावतो तो गोळ्याही वेळेवर घेतो, फिरायलाही जातो. श्रेय सगळं मशीनचं धरता येत नाही. २०२५ मध्ये याच प्रकारच्या चाचण्या पुन्हा वेगळ्या अंगानं तपासल्या गेल्या. ज्यांच्यात ऑक्सिजनची घसरण मोठी होती किंवा प्रत्येक अडथळ्यानंतर नाडी जास्त उसळत होती त्यांना फायदा दिसला, बाकीच्यांना दिसला नाही. माझं मत विचाराल तर चित्र अजून पूर्ण नाही, पण तुमचा अहवाल ज्या गटात पडतो त्या गटाकडे पुरावा झुकतोय.

आणि ज्याबद्दल शंका नाही तेही सांगते. तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीत सीपॅपनं दिवसरात्रीची सरासरी तीनेक अंकांनी उतरते. ऐकायला थोडं वाटतं, पण ते गोळ्यांच्या वर मिळतं आणि रात्रीचं बीपी पुन्हा उतरू लागतं. लघवीच्या फेऱ्या बऱ्याच जणांच्या कमी होतात. सकाळचं डोकं हलकं होतं. त्या २०१६ च्या चाचणीतसुद्धा घोरणं, दिवसाची झोप आणि मनाची उदासी यांत फरक पडलाच होता. हार्ट अटॅक टळेल म्हणून मशीन घेऊ नका. रात्रीचा श्वास आणि बीपी सुधारेल म्हणून घ्या.

यजमानांच्या कॉन्सन्ट्रेटरबद्दल. त्यांची काळजी मला दिसते, आणि माळ्यावर पडलेली वस्तू कामी यावी हा आपला मराठी स्वभावही. पण घसा मिटलेला असताना नाकाशी ऑक्सिजन सोडणं म्हणजे नर्मदेचं पाणी आलंय, मोटर चालू आहे आणि पाइपवर कुणीतरी पाय ठेवून उभं आहे. दोन थांब्यांच्या मधल्या श्वासांत ऑक्सिजन आत जातो, आकडा सुधारलेला दिसतोही, आणि फसवणूक तिथेच होते. २०१४ मध्ये ३१८ रुग्णांवर हेच करून पाहिलं: काहींना सीपॅप, काहींना रात्री ऑक्सिजन, काहींना यातलं काही नाही. बारा आठवड्यांनी बीपी उतरलं ते सीपॅपच्या गटाचं. ऑक्सिजनवाल्यांचं नाही. म्हणजे ऑक्सिजन भरून काढला तरी गुदमरणं, दचकून जागं होणं आणि छातीतली ती ओढ चालूच राहते, आणि हृदयाला तीही जाचते. उलट काही जणांत ऑक्सिजनमुळे दचकायचा इशारा उशिरा मिळतो, थांबे लांबतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो लावू नका. सीपॅपमध्ये ऑक्सिजन नसतो, हेही यजमानांना सांगा. ते खोलीतलीच हवा थोड्या दाबानं आत सोडतं, घसा मिटू नये एवढ्यापुरती. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवर हे पहिल्यांदा दाखवलं. आजही तत्त्व तेच आहे.

मशीन टाळायचं म्हणून लोक आणखी काय काय विचारतात, त्याचीही उत्तरं देऊन टाकते. वजन: दहा टक्के कमी झालं तर एएचआय साधारण पाव हिश्शानं उतरतो, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं होतं. जरूर करा, पण त्याला महिने लागतात आणि तोवर रात्री रोजच येतात. कुशीवर झोपणं: उताण्या झोपेत त्रास जास्त असेल तर उपयोगी, तुमच्या अहवालात फार फरक नाही. दंतवैद्य करून देतात ते जबडा पुढे धरणारं साधन: सौम्य-मध्यम आजारात आणि मास्क अजिबात न सोसणाऱ्यांना चांगला पर्याय, पण ऑक्सिजन इतका घसरत असेल तर माझी पहिली पसंती नाही. शंख वाजवणं: तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला तो मजकूर माझ्याकडेही आला होता. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० रुग्णांवर खरोखर अभ्यास केलाय, शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची झोप आणि एएचआय कमी झाले. घशाच्या स्नायूंचा तो व्यायाम आहे, स्वित्झर्लंडमध्ये एका लांबलचक फुंकवाद्यानं २००६ मध्ये असंच दिसलं होतं. देवघरात शंख असेल तर वाजवा. पण एएचआय चार-पाचनं उतरतो, तुमचा रेममधला ५१ आहे. सराफा बाजारातलं रात्री अकराचं खाणं मात्र खरंच सोडा, निदान रोजचं. भरल्या पोटी आडवं झालं की घसा आणि जळजळ दोन्ही बिघडतात. इंदुरी माणसाला हे सांगणं म्हणजे वैर घेणं, ते मी घेते.

पत्राच्या मध्यात तुम्ही जाता जाता लिहिलंय की अधूनमधून झोपेची अर्धी गोळी घेता, मेडिकलवाला ओळखीचा आहे. ताई, संपूर्ण पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. या गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो आणि गुदमरल्यावर दचकून जागं होण्याची शक्ती मंदावते. ते दचकणं त्रासाचं असलं तरी तुम्हाला वाचवणारं तेच आहे. रोज घेत असाल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना सांगून उतरवा. कधीकधीच घेत असाल तर आजपासून नको. उद्या मोतीबिंदूचं, गुडघ्याचं, कसलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी अ‍ॅप्नियाचा अहवाल दाखवायचा.

आता सूनबाई. तुमच्या पत्रातलं खरं अडलेलं ठिकाण हेच आहे, बाकीचे मुद्दे त्याच्या आडोशाला उभे आहेत असं मला वाटलं. मागच्या वर्षी भजनी मंडळाबरोबर ओंकारेश्वरला गेलात तेव्हा इतर बायकांची झोपमोड नको म्हणून धर्मशाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपलात. त्यानंतर मुक्कामाचं जाणंच बंद केलंत. पुण्याच्या बहिणीकडे दोन वर्षं गेला नाहीत, कारण इंदूर-पुणे गाडीत रात्रभर डबा ऐकेल. यजमान वेगळ्या खोलीत झोपतात. घोरणाऱ्या पुरुषाची घरात चेष्टा होते आणि तो हसून घेतो. बाई घोरली की ती लपवते. डॉक्टरांनी विचारलं तरी ‘नाही हो’ म्हणते, आणि शेजारच्या खाटेवर साक्षीदार नसतो. पाळी गेल्यावर हा आजार स्त्रियांत वाढतो, पण निदान होतं ते पुरुषांचं, यामागे हे एक मोठं कारण आहे. थकवा, निद्रानाश, उदासी एवढंच सांगितलं जातं, आणि मग थायरॉइडची नाहीतर झोपेची गोळी मिळते. (थायरॉइड तुम्हीही एकदा तपासून घ्या. ते कमी असलं की अ‍ॅप्निया बळावतो.)

तर मशीननं तुमची लाज वाढेल असं तुम्ही धरून चालला आहात. मला उलटं दिसतं. मास्क नीट बसला की घोरणं पहिल्याच रात्री थांबतं. आजची मशीनं टिफिनच्या डब्याएवढी असतात, आवाज पंख्यापेक्षा कमी. पिशवीत घालून ओंकारेश्वरला नेता येतं. सुनेला काय सांगायचं? बीपीची गोळी तिच्यासमोर घेता ना, तसंच हे. ती डोकावून पाहील, एकदा विचारेल, तुम्ही सांगाल. तिच्या घरातही कुणीतरी घोरत असणार. आणि हे तुम्ही एकट्यानं ठरवू नका, यजमानांना आधी त्यांच्या मोबाइलवर तुमच्या झोपेचं पहाटेचं पाच मिनिटांचं चित्रीकरण करू द्या. आवाज थांबतो, छाती हलत राहते, आणि मग मोठा गचका देऊन श्वास सुटतो, हे त्यांनी एकदा पाहिलं की कॉन्सन्ट्रेटर आपोआप माळ्यावर राहील.

प्रत्यक्षात असं करा, आणि जे असाच अहवाल हातात घेऊन बसलेत त्यांनीही. दाब किती ठेवायचा हे दुकानदार नाही, डॉक्टर ठरवतील. दाब आपोआप कमीजास्त करणारी मशीनं मिळतात, ती भाड्यानं देणारेही इंदुरात आहेत. वापरलेलं मशीन कुणी स्वस्तात देत असेल तर मॉडेल नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका. एका मोठ्या कंपनीनं आतला फोम झिजत असल्यामुळे २०२१ मध्ये आपली लाखो मशीनं परत मागवली होती. सगळा भर मास्कवर द्या. नाकपुड्यांशी बसणारा, फक्त नाकावरचा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे प्रकार असतात; तोंड उघडं टाकून झोपत असाल तर तिसरा. दुकानात उभ्यानं नाही, आडवं पडून, कूस बदलून लावून पाहा. पहिले चार-पाच दिवस दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास नुसता लावून बसा. नाक कोरडं पडलं तर मशीनला ओलावा देणारी टाकी असते, तिच्यात नळाचं नाही, डिस्टिल्ड पाणी. रात्री उठलात तर परत आल्यावर मास्क पुन्हा लावायचा. तीननंतरचे तास चुकवायचे नाहीत. मास्क रोज पुसायचा, नळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुवायची. खर्च झेपणार नाही त्यांनी इंदूरच्या एमवायसारख्या सरकारी रुग्णालयाच्या छातीविकार विभागात आधी चौकशी करावी, आणि मेडिक्लेम असेल तर कंपनीला लेखी विचारावं.

बीपीची वही ठेवा, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. आकडा उतरताना दिसला तरी गोळी स्वतःहून कमी करायची नाही. छातीत दुखणं, एका बाजूला अशक्तपणा, बोबडं बोलणं, चक्कर येऊन पडणं यांतलं काही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८.

महिना झाला की मशीनमधल्या कार्डावर सगळं उतरलेलं असतं: रोज किती तास लावलं, मास्कमधून किती हवा गळली, मशीन चालू असताना एएचआय किती उरला. ते कार्ड आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना दोन गोष्टी विचारा: रात्रीचा ऑक्सिजन आता ९० च्या वर राहतो का, हे बोटाला रात्रभर लावायच्या ऑक्सिमीटरनं एकदा पाहून घेता येईल का, आणि तीनपैकी कुठली गोळी कमी करण्याचा विचार कधी करायचा. लेख पाठवणाऱ्या चिरंजीवांना त्या भेटीला फोनवर घ्या; विकत घ्यायचं की नाही ते त्या दिवशी तिघं मिळून ठरवा. आणि घोरणं त्याच्याही रक्तात उतरलेलं असू शकतं, तेव्हा त्याचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं तेही विचारून घ्या.